पिस्ता गाडीचा डब्बा

“काहून गा नीलकंठ, लोकाईच्या मेल्या गाड्या उठवतो अन् तुह्या दारची वर्षभर पांघरूण घेऊन पडली. तिले काय अफू चारली का?”

“तुले पाह्यजे का नाई, तेवढं बोल.”

“पाह्यजे ना बाप्पा! म्हणून तं दर सुट्टीले खमरियाहून येतो अन् तुह्या तोंडाकडे पाहत बसतो. माह्या स्कूटरनं हात टेकले. बायको म्हणते, स्कूटर तुमाले नेते का तुम्ही स्कूटरले नेता?”

“मंग घेऊन जा. सोमवारी ये.”

योगेंद्रच्या हातातला चहा ओठाशी न जाता तिथंच थांबला. ही गाडी तो कित्येक महिने मागत होता, पण ते मागणं म्हणजे घडीभर बसायचं निमित्त. नीलकंठ हो म्हणेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“मजाक करून राहिला का?”

“मी कधी मजाक केली?”

“हेही खरंच. मजाक करनारी तं गेली.” बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

नीलकंठानं हातातल्या वायरीची साल दातानं सोलली आणि बाजूला थुंकली. “प्रणोती येऊन राहिली,” तो म्हणाला. “तिच्या आईच्या वर्षश्राद्धाले. जातानी सांगून गेली होती, ती गाडी दारात उभी असन तवरोक मी या घराची पायरी चढत नाई.”

“मंग मोडीत देऊन टाक. चालू कायले करतं?”

“दोर बांधून ओढत आणली होती ते दिवशी. साऱ्या गल्लीनं पाह्यलं. आता जाईन तं आपल्या पायानं जाईन.”

योगेंद्रनं चहा संपवला, पेला उपडा ठेवला आणि स्कूटर लोटत लोटत गल्लीबाहेर नेली.

नीलकंठ गावंडे म्हणजे जबलपुरातल्या कांचघर मोहल्ल्याचा, गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. पुढं टिनाच्या छपराचं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर, मधात अंगण आणि अंगणात कडुलिंब. बाप गणपत दर्यापूरकडून खमरियाच्या कारखान्यात आला, तिथंच क्वार्टरात मुलं वाढली. घरात वऱ्हाडी, दाराबाहेर हिंदी. नीलकंठला कारखान्यात काही चिकटता आलं नाही. एका सरदारजीच्या हाताखाली बॅटऱ्या उचलता उचलता तो वायरी शिकला आणि त्यातच केस पिकवले.

त्याची काम करायची एक तऱ्हा होती. गाडीचा कम्प्यूटर, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं अन् ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा तो पत्र्याचा चपटा डब्बा, नीलकंठ आधी खोलायचा आणि नाकाला लावायचा. तपासायचं मशीन नंतर. आतला एखादा पुर्जा फुटला असला की सडक्या मासोळीसारखा वास येतो, वायर तापून जळली असली की रबराचा. गिऱ्हाईक हसत. शकु, त्याची बायको, तर उंबऱ्यातून ओरडायची, “भाजीत मीठ नाई हे समजत नाई, अन् डब्ब्याचा रोग नाकानं समजते! मलेही एकदा हुंगून पाहा, कुठी बिघडली ते.”

दुसरी तऱ्हा म्हणजे गाडीत पाणी ठेवू द्यायचा नाही. प्यायचंसुद्धा नाही. घरच्यांना तर नाहीच. “वायर अन् पाणी एका घरात नांदत नाई,” असं म्हणून त्यानं शकुच्या किती बाटल्या खिडकीतून बाहेर ओतल्या असतील. शकु ग्वारीघाटाला जायची, येताना नर्मदेचं पाणी आणायची. जबलपुरात कोणाच्या गाडीत ते नसतं? ते पाणी मांडीवर धरून बसायची. “माय आहे ते, पाणी नव्हे,” म्हणायची. “तुमच्या वायरीले काय खाते?”

“मायले म्हणा, घरी देव्हाऱ्यात बस.”

गाडी जुनीच घेतली होती. फिकट हिरव्या रंगाची, लहानशी. शकुनं पहिल्याच दिवशी नाव पाडलं, पिस्ता. काही वर्षांनी पिस्त्याचा कम्प्यूटर म्हातारा होऊन मेला. नवा मिळत होता. पण नीलकंठचा हात आपल्या घरासाठी नव्याकडे जाईना. भंगारातल्या एका गाडीचा डब्बा त्यानं उचलून आणला, खोलला, हुंगला, दोन टाके नवे घातले आणि पिस्त्याला बसवला. शकुनं कमरेवर हात ठेवले. “लोकाईले नवं अन् आमाले कबाडातलं! माह्या गाडीले दुसरीचं डोकं लावलं का व बाई!” पोरगी प्रणोती फिदीफिदी हसली. डब्बा मात्र चांगला निघाला. सव्वा वर्ष गाडीनं कुरकुर केली नाही.

मग मागचा फाल्गुन आला. शकु अंगणात कुरडयांचा चीक घोटत होती. घोटता घोटता पातेल्याच्या काठाला धरून खाली बसली. छातीवर हात होता आणि घाम असा की पदर ओला. नीलकंठानं तिला उचलून पिस्त्यात घातली, मागं प्रणोती आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दवाखाना काही परदेशात नव्हता. रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

इथं जे झालं ते साऱ्या जन्माचं होऊन बसलं. नीलकंठ खाली उतरला आणि त्यानं बोनट उघडलं. दुसरा कोणी असता तर त्यानं रस्त्यात आडवं होऊन ऑटो थांबवला असता. नीलकंठ मिस्त्री होता. त्यानं फ्यूज पाहिले, वायर हलवली, परत चावी मारली, परत वायर हलवली. मागून प्रणोती ओरडत होती, “बाबा, ऑटो रोको ना! बाबा!” आणि तो बोनटात तोंड घालून म्हणत होता, “एक मिनट. होऊन राहिलं. एक मिनट.” ऑटो जवळून जात होते. शेवटी पोरीनंच दार उघडून एकाला हात केला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

डॉक्टरचं काय, ते असं म्हणतात. पण ते पोरीनं ऐकलं.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर तिनं बॅग भरली. नागपूरला नोकरी पाहिली होती. जाता जाता अंगणातल्या गाडीजवळ थांबली. तिला मराठी समजते सारी, पण बोलताना अर्धी हिंदी होते. रागात तर सगळीच. “कबाड का डब्बा लगाया आपने. आई के लिए कबाड! और फिर उसी को सुधारते रह गए.” आणि ती पायरीची गोष्ट बोलली. मग नीलकंठानं गाडीवर ताडपत्री टाकली आणि दोर बांधला. वर्षभर तिला हात लावला नाही. शेजारणी कपडे वाळत घालायला लागल्या होत्या तिच्यावर.

यावेळी त्यानं कम्प्यूटर नवाकोरा मागवला. खोक्यातला, सील असलेला. योगेंद्रनं तसा मागितला नव्हता.

रविवारी सकाळी त्यानं ताडपत्री ओढली. कडुलिंबाचा पाला, चिमण्यांची घाण, एक शेजारणीचा हरवलेला मोजा. चाकांत हवा भरली, नवी बॅटरी लावली. मग डावीकडच्या दारातून आत शिरला, सीटवर पालथा पडला आणि कागदपत्रं ठेवायचा कप्पा, जिथं शकुचे गुडघे टेकायचे तो, खालून दोन स्क्रू काढून सोडवला. कम्प्यूटर त्याच्या मागंच बसतो. हात घालून त्यानं वायरींचा जोड ओढला. तो निघेना. जोर लावला तेव्हा कर्रकन निघाला, जसं खारट भिंतीचं प्लास्टर निघतं.

त्याच्या बोटांना पांढरी भुकटी लागली.

डब्बा त्यानं मांडीवर घेतला, खोलला आणि सवयीनं नाकाला लावला. मासोळीचा वास नव्हता, जळल्याचाही नव्हता. वास होता तो घाटाचा. कुजलेल्या तुळशीचा, शेवाळाचा, जरासा कापराचा. आत सगळ्या पिना हिरव्या पडलेल्या, आणि पाणी जिथं जिथं थांबून सुकलं तिथं तिथं चुन्याच्या कडा. वरून उतरलेल्या एका धारेची खूण पत्र्यावर सरळ दिसत होती. नीलकंठानं त्या खुणेच्या मागं मागं हात वर नेला, कप्प्याच्या मागं, पंख्याच्या पेटीवर. तिथं काहीतरी दबून बसलं होतं. ओढून काढलं.

गुलाबी रंगाची प्लास्टिकची बाटली. झाकणावर मांजराचं चित्र. गळ्याला लाल-पिवळा नाडा बांधलेला. बुडाला चीर, आत तळाशी काळं झालेलं तुळशीचं पान. दरवेळी कोणी कप्पा आपटून बंद केला असेल, दरवेळी त्या चिरेतून थेंब उतरला असेल.

बाटली प्रणोतीची होती. कॉलेजला असताना ती खांद्याला अडकवून न्यायची.

त्याला सारं दिसलं, कोणी सांगायची गरज पडली नाही. गेल्या वर्षीच्या नर्मदा जयंतीला मायलेकी ग्वारीघाटावर गेल्या होत्या. आल्या तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहून उगाच हसत होत्या आणि त्यानं विचारलं होतं, पाणी आणलं का? शकु म्हणाली होती, नाई बाप्पा, तुमच्या वायरीचा धाक! बाटली लपवायची अक्कल शकुची. पण एवढ्या सांदीत हात जातो तो बारीक मनगटाच्या पोरीचाच. शकुच्या हातात बांगड्या, तिचा गेलाच नसता.

म्हणजे त्याचा भंगारातला डब्बा चांगला होता. सव्वा वर्ष चांगला होता आणि पुढंही राहिला असता.

नीलकंठ तसाच गाडीत बसून राहिला, एक पाय बाहेर. वर्षभर ज्या गोष्टीनं त्याच्या ताटातली भाकर कडू केली, ती गोष्ट त्याची नव्हतीच. आज पोरगी येणार. तिच्यापुढं ही बाटली ठेवायची अन् म्हणायचं, पाह्य, हे पाह्य. मी नाई मारली तुह्या आईले.

मग कोणी मारली?

हे मनात आलं आणि त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. शिवाय पुलावर ऑटो थांबवला नाही तो तर नीलकंठच होता. ते काही पाण्यानं केलं नव्हतं.

फाटकाची कडी वाजली. ऑटोवाला बॅग उतरवत होता. ती संध्याकाळच्या गाडीनं येणार होती, सकाळच्याच गाडीनं आली. नीलकंठानं बाटली सीटखालच्या चिंध्यांमध्ये खुपसली, वर तेलकट फडकं टाकलं. डब्बा झाकायला मात्र वेळ मिळाला नाही.

प्रणोती अंगणात येऊन थांबली. वाळली होती. केस आईसारखे मागं बांधले होते. पायरीवर गेली नाही, गाडीजवळही आली नाही, मधातच उभी राहिली.

“अभी तक खड़ी है.”

“उद्या जाऊन राहिली व. योगेंद्र नेतो. चालू करून देतो त्याले.”

“चालू?” ती हसली, पण ते हसणं नव्हतं. “अब चालू होगी?”

“होईन. नवा टाकून राहिलो.”

ती जवळ आली. त्याच्या मांडीवरचा खोललेला डब्बा तिनं पाहिला. “हाच का तो?”

“हाव.”

तिनं तो उचलला. उलटा केला, सुलटा केला. बोटानं कड खरवडली. “हे सफेद काय आहे?”

नीलकंठानं तोंड खाली घालून स्क्रू शोधायला घेतला. “जुना झाला की असंच होते. भंगाराचा होता ना.”

“आणि हे हिरवं?”

“तांबं आहे. सडते.”

“म्हणजे मी खरं बोलत होते,” ती हळूच म्हणाली. “यही था.”

“हाव. तूच खरी. मीच चुकलो.”

ही कबुली तिला वर्षभर पाहिजे होती. मिळाल्यावर तिला काय करावं ते समजेना. डब्बा तिनं भिंतीवर फेकला. आवाज काही मोठा झाला नाही, कारण पत्रा पातळ होता. पलीकडची शेजारीण गच्चीवरून वाकून पाहू लागली. प्रणोती पिस्त्याच्या उघड्या दाराला धरून उभी राहिली, मग एकदम आत वाकली, कप्प्याच्या भगदाडात हात घालून चाचपू लागली.

“काय पाह्यतं व?”

“बाबा, इथे एक बॉटल होती. पिंक वाली. मिळाली का तुम्हाला?”

नीलकंठ खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकला.

“आईने ठेवायला सांगितली होती. नर्मदाजी का पानी. बोली, तुझ्या बाबाला दिसली तर फेकतील, अंदर घुसा दे.” तिचा हात आतच होता, खांद्यापर्यंत. “उस दिन पुलावर आई तोंड उघडत होती. मला समजलं, तिला तेच पाणी पाहिजे. तुम्ही बोनट में थे. मी मागून हात घातला, पुढे सीटवरून वाकून... बोटं लागली बॉटलला, निघालीच नाही. फँस गई थी. दो बूँद भी नहीं दे पाई मैं उसको.” तिनं नाक पुसलं. “मला वाटलं आता काढते अन् घाटावर जाऊन वापस करते. नदीत.”

त्या दिवशी तिच्या बोटांनी नुसती रिकामी बाटली ओढली असती, हे नीलकंठला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती बाटली तिच्या टाचेपासून वीतभर अंतरावर, चिंध्यांमध्ये होती.

त्याला ती काढून द्यावीशी वाटली. मरणाची वाटली. पण पोरगी बाटलीची चीर पाहील, तळाचं पान पाहील, मग भिंतीजवळ पडलेल्या डब्ब्याकडे पाहील. मिस्त्र्याची लेक आहे. आत्ताच विचारलं तिनं, सफेद काय, हिरवं काय.

“नाई सापडली,” तो म्हणाला. “ते दिवशी गाडी ओढून आणली तवा कोनी काढली असन. लोकं काय, दिसलं ते नेतात.”

“कोण नेणार जुनी बॉटल?”

“नेतात व.”

तिनं हात बाहेर काढला. मनगटावर ओरखडा उठला होता. त्याच्याकडे पाहिलं, जसं पुलावर पाहिलं असेल तसंच, आणि म्हणाली, “तुम्ही आईची एक चीज नाही सांभाळली. एक भी.”

“नाई सांभाळली,” नीलकंठ म्हणाला.

बॅग तिनंच उचलली. पायरीशी क्षणभर थांबली, मागं वळून गाडीकडे पाहिलं, गाडी उभीच होती अजून. तरी चढली. आत गेल्यावर भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा.

नीलकंठानं नवा डब्बा बसवला. त्याआधी वायरींच्या जोडातली प्रत्येक पिन पेट्रोल लावलेल्या ब्रशानं घासून साफ केली, पांढरं काही राहू दिलं नाही. त्या काळच्या या गाडीला चावीत चिप वगैरे भानगड नाही; डब्बा बसला की काम झालं. चावी फिरवली. पिस्ता एकदा खोकली, धूर सोडला आणि चालू झाली. इतकी सहज चालू झाली की त्याचे हात स्टिअरिंगवरून खाली पडले. खिडकीत प्रणोतीचा चेहरा आला आणि लगेच गेला.

सोमवारी योगेंद्र पेढ्यांचा पुडा आणि बायकोला घेऊन आला. बोनटवर हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बायकोनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून समोरच्या कप्प्यात ठेवायला घेतली, तसं योगेंद्रच घाबरून ओरडला, “हां हां! मिस्त्री पाहून राहिला, शिव्या देईन! गाडीत पाणी नाई!”

नीलकंठानं तिच्या हातातून बाटली घेतली, मागच्या सीटच्या पायथ्याशी, रबराच्या चटईवर आडवी ठेवली. “इथं ठेवत जा वहिनी,” म्हणाला. “समोर नका ठेवू.”

“अबे, तू तं सुधरला!” योगेंद्र म्हणाला.

गाडी आपल्या पायानं गल्लीतून गेली. वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले, दोन्ही बरोबर लागले. कडुलिंबाखाली वर्षभराचा चौकोन राहिला, तेवढी माती कोरडी, पांढरी. प्रणोती झाडू घेऊन बाहेर आली आणि तो चौकोन झाडू लागली. बापाशी बोलली नाही. पण जेवायला दोन ताटं तिनं घेतली होती, हे त्यानं आतून येताना पाहिलं होतं. श्राद्ध झालं की परत जाणार होती.

गुलाबी बाटली दुकानात होती, तांब्याच्या तुकड्यांच्या पोत्यात, अगदी खाली. भंगारवाल्याला ते पोतं यापुढं द्यायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. घाटावर मात्र तो गेला नाही. काय सांगणार होता तिथं?

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी एक भोंगा वाजायला लागला. वाजतच राहिला. ई-रिक्शावाला एका हातानं हँडल धरून, दुसऱ्यानं कान झाकून येत होता, मागं पोरंटोरं आरडत होती.

“नीलकंठ भैया! बंद ही नहीं हो रहा, सबेरे से पूरा मोहल्ला गाली दे रहा है!”

नीलकंठानं वाकून बॅटरीची तार सुटी केली. भोंगा थांबला. हँडलखालचं झाकण काढलं. आत सगळं ओलं होतं, बटनातून थेंब गळत होता.

“धोया था?”

रिक्शावाला मान खाली घालून उभा राहिला. कांचघरात साऱ्यांना ठाऊक होतं की वायरीत पाणी गेलेलं दिसलं की हा मिस्त्री माणसाची सात पिढ्यांची पूजा बांधतो. “माँ ने नर्मदाजी का जल छिड़क दिया भैया,” तो म्हणाला. “नई है ना रिक्शा. मैंने मना किया था.”

नीलकंठानं झाकण बाजूला ठेवलं.

“माँ को कुछ मत बोलना,” नीलकंठ म्हणाला. “बैठ. सूख जाएगा.”

आणि कोरडं फडकं बोटाला गुंडाळून तो एकेक जोड पुसायला बसला.